वाचले, समजले

सेव्हन हिलच्या सिग्नलला पाय टेकवून काकासाहेब स्कूटरवर बसला होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. पलीकडून हसीना बोलत होती. लॅबमधली सगळ्यात नवी केमिस्ट. कुठलाही आकडा आला की तिला धीर म्हणून धरवत नसे. "सर, दोनशे बाराचा रिझल्ट आला. तीन!" तीन काय, मायक्रो? "नॅनो, सर. तीन नॅनोमोलर. खालच्या मजल्यावाल्यांनी तीनदा करून बघितलं." दोनशे बारा नंबरचा रेणू कुणाचा ते काकासाहेबाला पाठ होतं, तरी त्यानं विचारलं, कुणाचा गं? माणसाला वेडी आशा असते, की विचारून बघावं, एखाद्या वेळी उत्तर बदललेलं असेल. "इलियास सरांचा ना. तुम्हांलाच आधी सांगितलं बघा. म्हटलं, तुम्ही दोघं दोस्त." मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला. "ओ साहब, हरा हो गया! सो गए क्या?" काकासाहेबानं स्कूटर पुढं घातली खरी, पण चिकलठाण्याकडं जायचं सोडून ती मुकुंदवाडीच्या अंगानं आत वळवली, आणि एका बंद शटरपुढं उभं राहून त्यानं उगाचच पेट्रोलची टाकी उघडून आत पाहिलं. पोटात काहीतरी दुखत होतं. सकाळी पोह्यांत दाणे जास्त झाले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पोह्यांत दाणे नव्हतेच.

तीन म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. पेशीच्या पोटात एक एन्झाइम असतं, ते पेशीला सारखं 'वाढ, वाढ' म्हणून हाकारत राहतं. निरोगी माणसात ते वेळेवर गप्प बसतं, कॅन्सरमध्ये बसत नाही. त्याच्या अंगात एक खोबण असते. त्या खोबणीत घट्ट बसेल असा लहानसा रेणू घडवायचा आणि त्याचं तोंड बंद करायचं, हा या लोकांचा धंदा. काकासाहेब पिशोरचा, त्याला हे सगळं जात्याच्या खुंट्यासारखं वाटायचं. दाण्याभरानं जाड झाला तर भोकात शिरत नाही, दाण्याभरानं बारीक झाला तर दळता दळता हातात येतो. आणि आकडा म्हणजे, ते तोंड बंद करायला तुमचं औषध किती लागतं त्याचं माप. जितका लहान, तितका खुंटा घट्ट. काकासाहेबाचा चौदा वर्षांतला सगळ्यात चांगला आकडा चारशे होता. त्या चारशेच्या दिवशी इलियासनं अख्ख्या मजल्याला भजी खाऊ घातली होती, स्वतःच्या खिशातून. ती भजी आता, या बंद शटरसमोर, काकासाहेबाला आठवली आणि त्यांचा राग आला.

इलियासच्या हाताला यश होतं आणि ते आजचं नव्हतं. युनिव्हर्सिटीत एमेस्सीला दोघं एका टेबलावर होते. काकासाहेब म्हणजे पाळण्यातच साहेब झालेला बागायतदाराचा मुलगा, आणि इलियास खुलताबादच्या चांदपाशा सायकलवाल्याचा. सायकलवाल्याच्या मुलाच्या फ्लास्कमध्ये संध्याकाळपर्यंत पांढरे, सुयांसारखे स्फटिक धरायचे आणि साहेबांच्या फ्लास्कमध्ये डांबर. तसंच, तेवढंच मोजून घातलेलं असायचं दोघांनी. एकदा असंच डांबर बघत काकासाहेब रडकुंडीला आला, तेव्हा इलियास येऊन म्हणाला, "हट जरा," आणि काचेच्या कांडीनं फ्लास्कच्या आतल्या अंगाला हळूच खरवडू लागला. करकर, करकर. दातांत शिरणारा तो आवाज. दहा मिनिटांनी त्या डांबरातून एक पांढरा ठिपका उमटला, मग त्याच्याभोवती दुसरा, आणि बघता बघता सगळं भांडं भरून गेलं. "ले, तेरा हो गया." काकासाहेबानं त्याला मिठी मारली होती. मिठी खरी होती. पण सरांनी जर्नलवर 'सुंदर' असा शेरा मारला, तेव्हा ते 'सुंदर' आपलं नाही हे त्याला माहीत होतं आणि इलियासलाही माहीत होतं; आणि इलियास ते कधीच कुणापाशी बोलला नाही, याचं ओझं तर फारच वाईट. उपकार बोलून दाखवणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. पुढं दोघं एकाच कंपनीत लागले. चौदा वर्षं बाकाला बाक लावून काम केलं. आणि या चौदा वर्षांत, कुणी विचारलं असतं तर काकासाहेबानं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की इलियास माझा सख्ख्या भावासारखा आहे. ते खोटं नव्हतं. सख्ख्या भावांचं तरी कुठं धड असतं?

त्या दिवशी तो उशिरा लॅबवर पोचला. डायरेक्टरसाहेबांनी पेढे वाटले, इलियासला मध्ये उभं करून फोटो काढले, आणि इलियास आपला ओशाळून ॲप्रनला हात पुसत राहिला. काकासाहेबानं पेढा भरवला. भरवताना, तो सगळा पेढा इलियासच्या तोंडात जाईपर्यंत, त्याच्या डोक्यात एक चित्र तयार झालं. गेल्या डिसेंबरातलं. गेटसमोर फकिराच्या टपरीवर दोघं चहाला बसले होते, बाकड्यावर चहा सांडला होता, आणि काकासाहेबानं त्या सांडलेल्या चहात बोट बुडवून सहा कोनांचं एक कडं काढलं होतं. म्हणाला होता, यातला नाइट्रोजन एक घर सरकवून बघ. दोनशे बारात काय आहे? नाइट्रोजन एक घर सरकवलेला आहे. बस्स. एवढंच आहे.

ही आठवण त्यानं कुणाला सांगितली नाही, तिची मशागत मात्र मन लावून केली. आधी आधी ते वाक्य त्यानं सहज, चहा पिता पिता टाकलेलं होतं. दोन महिन्यांनी ते त्यानं पूर्ण विचारांती उच्चारलेलं होतं. दिवाळीपर्यंत असं झालं, की ते ऐकताच इलियास गप्प झाला, कप तसाच खाली ठेवला आणि घाईघाईनं लॅबकडं निघाला. चहाचे पैसेसुद्धा काकासाहेबानंच दिले. घरी बायको विचारायची, "अहो, इलियासभाईंचं तुमचं काही बिनसलंय का? ईदचा शीरखुर्मा त्यांनी स्वतः आणून दिला आणि तुम्ही उठून बाहेर पण आला नाहीत." "कामात होतो." मग फ्रिज उघडून उभ्या उभ्या त्यानं शीरखुर्मा चाखला आणि फार गोड आहे म्हणून परत ठेवला. पेपरात इलियासचा फोटो आला. खुलताबादला सत्कार झाला, त्याचं निमंत्रण आलं. काकासाहेबाला नेमका ताप आला, आणि गंमत म्हणजे खरोखरच आला, शंभरावर दोन. त्या तापात पडल्या पडल्या गावाकडून सांडूचा फोन आला. सांडू त्याच्या शेताशेजारचा. "काकासाहेब, कॅन्सरचं औषद निघालं म्हणं तुमच्या कंपनीत. आमच्या सारजाबाईला गाठ हाय, लई तरास हाय हो. येखादी बाटली भेटती का?" काकासाहेबानं समजावलं, की बाबा, हा नुसता रेणू आहे, औषध व्हायला दहा वर्षं लागतील, झालं तर; तू तिला आमखासजवळच्या कॅन्सरच्या दवाखान्यात आण, मी येतो सोबत. सांडूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हय, व्हय. तरी बी त्या इलियास सायबांचा नंबर द्या ना. त्यांनीच काढलंय म्हणत्यात." काकासाहेब म्हणाला, त्याचा नंबर बदललाय. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. पण त्यानं परत फोन लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

मार्चात हैदराबादहून कंपनीची वकील बाई आली. तोवर दोनशे बाराच्या पेटंटचा अर्ज जाऊन बरेच महिने झाले होते आणि मध्येच एक परदेशी कंपनी उगवली होती. तिचा रेणू हुबेहूब तोच. बाईनं काकासाहेबाला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं, एसीचा वारा तोंडावर येत होता म्हणून खुर्ची सरकवून घेतली आणि अगदी शाळामास्तरणीसारखं बोटांवर मोजून सांगितलं. त्यांच्या अर्जाची तारीख गेल्या वर्षीची पाच जानेवारी. आपला आकडा आला एकोणतीस जानेवारीला, म्हणजे आपण मागं. पण तिकडच्या कायद्यात आधी कुणाला सुचलं ते बघतात, आणि इलियाससरांच्या वहीत हा रेणू आखलेलं पान आहे सतरा डिसेंबरचं. त्या पानाखाली साक्षीदार म्हणून तुमची सही आहे, त्याच तारखेची. "मशीनवर काय झालं ते मशीन सांगेल. पण माणसाला काय सुचलं, ते दुसऱ्या माणसानंच सांगावं लागतं. तेव्हा हा रेणू आपला ठरतो की त्यांचा, ते सगळं या एका सहीवर आहे, सर."

वह्यांचं असं होतं. लॅबमध्ये प्रत्येकानं रोज काय केलं, काय सुचलं, ते वहीत लिहायचं, आणि शुक्रवारी शेजारच्याकडून सह्या घ्यायच्या. पानाच्या तळाशी एक चौकट, तिच्यात छापलेलं इंग्रजीत: 'वाचले आणि समजले.' चौदा वर्षं इलियासच्या चौकटीत काकासाहेबाची सही आणि काकासाहेबाच्या चौकटीत इलियासची. काकासाहेब शुक्रवारी चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हातानं वीस पानांवर सह्या मारायचा. तलाठी दाखल्यांवर मारतो तशा, वर काय लिहिलंय ते त्या दाखल्यालाच ठाऊक. कप संपायच्या आत वही परत. इलियास मात्र काकासाहेबाची वही घरी न्यायचा, सोमवारी आणून द्यायचा. "देता हूँ ना रे, जल्दी क्या है." आळशी आहे, असं काकासाहेब म्हणायचा. तर सतरा डिसेंबरची सहीही अशीच, चहाबरोबर झालेली.

"तर एकच विचारायचं आहे," बाई म्हणाली. "हे पान त्या दिवशी तुम्ही वाचून सही केली होती ना?" तिनं पेन उघडून धरलं होतं आणि तिला खात्री होती की उत्तर काय येणार. असल्या प्रश्नाला जगात एकच उत्तर असतं. सगळे तेच देतात आणि रात्री स्वस्थ झोपतात. काकासाहेबानं 'हो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्याला काचेतून बाहेर इलियास दिसला. फ्लास्क उजेडाला धरून आत बघत उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते होतं, तेच, एमेस्सीच्या टेबलावरचं, आता धरणार बघ असं. काकासाहेबाच्या मनात आलं, हो म्हटलं की माझी आयुष्यभराची जागा ठरली. बोट माझं, चहा माझा, घर सरकवलं मी, आणि मी कोण? तर साक्षीदार. दुसऱ्याच्या लग्नात करवला. आणि वाचलं नव्हतं हे तर सत्यच आहे. आजवर इतकं खणखणीत सत्य आपल्या हाती कधी लागलंच नव्हतं, असं त्याला वाटलं. "नाही," तो म्हणाला. "न वाचताच केली. मी कधीच वाचत नाही." बाईनं मान वर केली. तिनं पुन्हा विचारलं, आणि त्यानं पुन्हा सांगितलं, यावेळी जरा मोठ्यानं. मग तिनं ते दोन ओळींत लिहून काढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं. तो कागद त्यानं दोनदा वाचला, एक स्पेलिंग चुकलं होतं ते दाखवून दिलं, आणि सही केली. बाई कागद घेऊन डायरेक्टरसाहेबांच्या केबिनकडं गेली. वही टेबलावरच राहिली.

छातीत हलकं वाटत होतं. फार दिवसांनी दुखरा दात उपटून झाल्यावर वाटतं तसं. जीभ सारखी त्या जागेकडं जाते, तशी त्याची नजर वहीकडं गेली, आणि सतरा डिसेंबरचं पान त्यानं पहिल्यांदा वाचलं. इलियासचं अक्षर लहान, उभं, एकाखाली एक ओळ नीट लावलेली. लिहिलं होतं: काल चहाच्या वेळी काकासाहेबानं सुचवलं की नाइट्रोजन वरच्या बाजूला एक घर सरकवावा. संगणकावर त्याप्रमाणं रेणू २११ बसवून पाहिला. बसत नाही, नाइट्रोजन भिंतीवर आदळतो. पण का बसत नाही हे बघताना ध्यानात आलं की खालच्या बाजूला जागा रिकामी आहे. म्हणून २१२: नाइट्रोजन खाली. आणि शेवटी एक ओळ अशी होती, जी प्रयोगाच्या वहीत लिहायचं काही कारण नव्हतं: काकासाहेब म्हणाला नसता तर मी त्या भिंतीकडं पाहिलंच नसतं.

काकासाहेबानं ते पुन्हा वाचलं. वर. त्यानं वर म्हटलं होतं. बाकड्यावरचं ते चहाचं कडं त्याला आता लख्ख दिसलं, बोट वरच्या कोपऱ्यावर टेकलेलं. इतके महिने मशागत करूनही तो कोपरा त्यानं कधी नीट पाहिला नव्हता. म्हणजे त्यानं दिली होती ती चूक. आणि त्या चुकीला सुद्धा इलियासनं नाव घालून, तारीख घालून, पाटावर बसवलं होतं. चोरी सापडली असती तर किती बरं झालं असतं. चोराचा हेवा करायची गरज नसते. या माणसाला कुठल्या बाजूनं धरावं तेच कळेना.

तो उठला आणि सरळ इलियासच्या बाकापाशी गेला. बातमी आधीच पोचली होती. इलियासच्या हातातला फ्लास्क तसाच होता, पण आता तो त्यात बघत नव्हता. "मी जाऊन सांगतो तिला," काकासाहेब घाईघाईनं म्हणाला. "वाचलं होतं म्हणतो. विसरलो होतो म्हणतो. आता पान पाठ झालंय माझं, काहीही विचारू दे." इलियासनं मान हलवली. "नक्को रे. तूने सच बोला ना? बस फिर. कागदावर सही झाली." मग तो काचेवर बोट फिरवू लागला. "गेलं ते गेलं. तिकडचे लोक करतील औषध, कुणी तरी करेल, सांडूच्या बायकोला काय, कुणाचं बी चालतं." सांडूनं कुठून तरी नंबर मिळवला होता तर. काकासाहेबाचे कान तापले. "एक सांग काका. एक बी पान वाचलं नाय? चौदा साल में?" काकासाहेब बाकावरची बुचं एका रांगेत लावू लागला. "मला वाटायचं तू वाचतो. सच्ची. म्हणून तर मी नीट लिहायचो, एवढं सगळं. कधी कधी फ्लास्क फुटला, प्रयोग पडला, तरी लिहून ठेवायचो, की शुक्रवारी काका वाचेल, हसेल. तू कधी बोलला नाय, तर म्हटलं, याला बोलायची आदत नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. रागाची काकासाहेब वाट पाहत होता, तो मिळाला असता तर दोघंही सुटले असते. "माझी पानं तू...?" त्यानं विचारलं. "सगळी वाचली. तुझ्या चारशेवालं तर मी दोनदा वाचलं. अच्छा काम था." एवढं बोलून इलियासनं फ्लास्क स्टँडला लावला आणि पाण्याचा नळ सोडला.

तीन आठवड्यांत दोनशे बारावरचं काम थांबलं. कुणी काकासाहेबाला दोष दिला नाही. उलट डायरेक्टरसाहेबांनी सगळ्यांपुढं त्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला दिला आणि यापुढं वह्या नीट वाचूनच सह्या कराव्यात असं फर्मान काढलं. काकासाहेब मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानं मनाशी ठरवलं होतं, आता इलियासचं प्रत्येक पान वाचायचं, पहिल्या ओळीपासून, कितीही वेळ लागो. जुन्या वह्याही रेकॉर्ड रूममधून मागवून घ्यायच्या. चौदा वर्षांत तो कुठं कुठं हसवू बघत होता ते शोधायचं. शुक्रवार आला. काकासाहेबानं चहा घेतला नाही. चष्मा पुसला, टेबल आवरलं, आणि वाट पाहत बसला. चारच्या सुमारास इलियास आला, नेहमीसारखा, काखेत वही. "ला, तुझी दे," म्हणाला, काकासाहेबाची वही उचलून त्यानं पिशवीत घातली, सोमवारी देतो म्हणाला, आणि आपली वही घेऊन तसाच पुढं हसीनाच्या बाकाकडं गेला.

"जरा वाचून सही कर बेटा," तो तिला म्हणत होता. हसीनानं हातमोजे काढले, खुर्ची पुढं ओढली आणि पानावर बोट ठेवून वाचायला लागली. ओळीखाली बोट, एक एक ओळ. मध्येच तिला काहीतरी गंमत वाटली आणि ती हसली, आणि इलियास तिच्याकडं बघत होता. काकासाहेबाच्या पोटात ते दुखणं पुन्हा उठलं, तीनच्या आकड्याला उठलं होतं त्याहून खोल, आणि या वेळी त्यानं पोह्यांना दोष दिला नाही. तिसऱ्या पानावर हसीना थांबली. "सर, हे साठ डिग्रीला का केलं? चाळीसला झालं नसतं का?" इलियासनं शेजारचं स्टूल ओढलं, बसला, आणि खिशातून पेन काढून कागदाच्या कडेला तिला काढून दाखवू लागला. तो पंधरा मिनिटं बोलत होता. चौदा वर्षांत काकासाहेबानं त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.